जीपचा मागला आंस : डिफरन्शियल काढणें आणि परत बसविणें

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या आगगाडीच्या चाकांकडे कोणी निरखून पाहिलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. एका आंसावरचीं दोन्ही चाकें आंसाशीं घट्ट जखडलेलीं असतात. एक फिरलें कीं दुसरें तितकेंच फिरलें पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली, १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. चाकें आंसाला जखडण्याची ही रीत अजून तशीच चालू आहे. मग रूळ वळतात तेथें बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावें लागतें, तें कसें साधतें? चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित् निमुळता, शंकूसारखा केलेला असतो. वळणावर आंस बाहेरच्या अंगास थोडा सरकतो, बाहेरचें चाक आपल्या जाड भागावर व आंतलें आपल्या बारीक भागावर चालूं लागतें, आणि हिशेब जुळतो. रुळांचीं वळणें फार मोठ्या त्रिज्येचीं असल्यामुळें एवढ्यावर भागतें.

मोटारीचें एवढ्यावर भागत नाहीं. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरून बाजूच्या गल्लींत शिरणाऱ्या जीपगाडीचा हिशेब मांडून पाहावा. तिच्या डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर सुमारें १ मीटर २४ सेंटिमीटर. काटकोनांतलें एक वळण पुरें होईपर्यंत बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां जवळजवळ १ मीटर ९५ सेंटिमीटर अधिक चालतें. गमतीचा भाग असा कीं, वळण ऐसपैस असो वा अगदीं आखूड असो, हा फरक तेवढाच राहतो. कारण तो चाकांमधील अंतर आणि वळणाचा कोन ह्या दोहोंवरच अवलंबून असतो, त्रिज्येवर नाहीं. वर्तुळाचा परीघ शिकलेल्या कोणाहि मुलाला हें कागदावर पडताळून पाहतां येईल. जीपच्या चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास धरला, तर त्या एका वळणांत बाहेरचें चाक पाऊण फेऱ्याहून अधिक पुढें गेलें पाहिजे. दोन्ही चाकें एकाच दांड्याला जखडलेलीं असतीं, तर प्रत्येक कोपऱ्यावर एक टायर रस्त्यावर घांसत गेला असता, किंवा दांडा पिळवटून मोडला असता.

ह्यावरचा तोडगा म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर नांवाच्या घड्याळजीनें १८२७ सालीं वाफेच्या गाडीसाठीं त्याचें पेटंट घेतलें; म्हणजे पेट्रोलची मोटार जन्माला येण्यापूर्वीं अर्धें शतकाहून अधिक काळ ही युक्ति तयार होती. इंजिनाकडून येणारा लांब दांडा, ज्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, तो मागल्या आंसाच्या मध्यभागीं एका लहान दंतचक्रास फिरवितो, तें पिनियन. पिनियन एका मोठ्या कंकणाकृति चक्रास फिरवितें, तें क्राऊन. क्राऊन एका पोकळ डबीवर बोल्टांनीं पक्कें केलेलें असतें, आणि डबीच्या आंत एका आडव्या खिळीवर लहान चक्रें असतात. त्यांना मिस्त्री लोक स्टार पिनियन म्हणतात. हीं चक्रें डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन चक्रांत गुंतलेलीं असतात, आणि त्या दोन चक्रांतून दोन चाकांचे दांडे निघतात. गाडी सरळ चालली असतांना डबी व आंतलें सगळें बिऱ्हाड एकजीव होऊन फिरतें. वळण आलें कीं लहान चक्रें आपल्या खिळीभोंवतीं फिरूं लागतात, आणि एका चाकाचे जितके फेरे कमी होतात तितकेच दुसऱ्याचे वाढतात.

बैलगाडीचें जूं आठवलें तर हें लवकर समजेल. जूं मधोमध बांधलेलें असतें. एक बैल चार बोटें पुढें गेला, दुसरा मागें राहिला, तरी जूं तिरपें होतें आणि ओढ दोघांवर सारखीच राहते. डिफरन्शियल हें फिरतें जूं होय. पण एक बैल खालीं बसला तर दुसऱ्याचा जोर फुकट जातो. तसेंच एक चाक चिखलांत गुळगुळीत फिरूं लागलें कीं कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाहि तेवढाच, म्हणजे नाहींसारखा, जोर मिळतो. ह्या उणीवेमुळेंच चारहि चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांचें महत्त्व वाढलें.

जीप ही तशी गाडी, आणि ती महायुद्धाची निर्मिति. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता. फाळणीनंतर त्याच बराकींतून सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें उल्हासनगराची स्थापना झाली. त्याच वर्षीं मुंबईस माझगांव येथें महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्याच्या गाड्या कल्याणहून मुरबाडकडे आणि पुढें माळशेज घाटानें जाणाऱ्या वाटेवर पिढ्यान् पिढ्या चालल्या. हल्लीं ठाणें-डोंबिवलीच्या गृहसंकुलांतून कांहीं हौशी मंडळी जुनी जीप विकत घेऊन ती दुरुस्त करतात. आणि केव्हांतरी मागल्या आंसाचें पोट उघडण्याचा प्रसंग येतोच.

तो प्रसंग ह्या भागांत पुष्कळदां पाण्यामुळें येतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि उल्हास व वालधुनी नद्यांच्या कांठच्या वस्त्या पाण्याखालीं गेल्या. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून पडली व सुमारें हजार प्रवाशांना सोडवावें लागलें. अशा दिवसांत गाडी कमरभर पाण्यांतून काढणारा चालक इंजिनाची काळजी वाहतो. आंसाची कोणी वाहत नाहीं. आंस चालून तापलेला असतो, त्याच्या पोटांतली हवा फुगलेली असते. ती बाहेर जावी म्हणून वरच्या बाजूस श्वासनळीसारखें एक लहान भोंक ठेवलेलें असतें. त्याला ब्रीदर म्हणतात. गरम आंस थंड पाण्यांत बुडाला कीं आंतली हवा एकाएकीं आकसते आणि त्या भोंकांतून किंवा झिजलेल्या ऑईल सीलमधून पाणी आंत ओढलें जातें. गाडी घरीं पोहोंचते, दुसऱ्या दिवशीं नेहमींसारखी चालते. पाणी मात्र आंतच राहतें, बेअरिंगांवर गंज धरतो, आणि कांहीं महिन्यांनीं मागून घरघर ऐकूं येऊं लागते.

घरघर ऐकली कीं लगेच आंस उघडावा असें नाहीं. प्रथम तेल पाहावें. खालचा बूच काढून तेल स्वच्छ भांड्यांत घ्यावें. दुधाळ, कॉफीच्या रंगाचें निघालें तर पाणी शिरलें आहे. बुचाच्या लोहचुंबकाला मऊ काळी राख चिकटलेली असेल तर ती नित्याच्या झिजेची खूण. तिला भिण्याचें कारण नाहीं. नखासारखे पापुद्रे किंवा दांत्याचा तुकडा हातीं लागला, तर मात्र उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं. आवाजाचीहि एक भाषा असते. केवळ वळणावर येणारा आवाज बहुधा डबीतल्या लहान चक्रांचा. जोर देतांना एक आणि जोर काढल्यावर वेगळा असा येणारा सूर क्राऊन-पिनियनच्या दांत्यांचा.

उघडण्याच्या कामांत पहिला धोका जिवाला आहे, म्हणून तो आधीं सांगितला पाहिजे. जुन्या जीपमध्यें हातब्रेक मागल्या चाकांवर नसतो. तो गिअरपेटीमागच्या ट्रान्सफर केसवर, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशीं बसविलेला असतो. त्यामुळें शाफ्ट आंसापासून सोडला कीं हातब्रेकचा मागल्या चाकांशीं संबंध सुटतो. इतकेंच नव्हे, शाफ्ट जोडलेला असला तरी मागलें एक चाक जॅकवर उचलतांच डिफरन्शियल आपलें काम करतें : अधांतरीं चाक उलटें फिरतें, जमिनीवरचें सुलटें, आणि हातब्रेक ओढलेला असूनहि गाडी चालूं लागते. म्हणून पुढल्या चाकांना दोन्ही अंगांनीं लांकडी ठोकळे द्यावे, गाडी सपाट जागीं घ्यावी, आणि ती नुसत्या जॅकच्या भरंवशावर न ठेवतां मजबूत घोड्यांवर टेकवावी. नव्या भरावावर बसविलेल्या अंगणांतल्या फरशा वरून सपाट दिसतात, परंतु जॅकखालीं खचतात. तेथें खालीं जाड फळी घालावी. माणूस गाडीखालीं जाण्यापूर्वीं गाडी जोरानें हलवून पाहण्याचा कंटाळा करूं नये.

मग चाकें उतरवावीं. लष्करी जीपच्या आणि तिच्या लगतच्या वारसांच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असत. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येकांनीं बोल्ट तोडले आहेत. पुढचें काम चाकाच्या दांड्यांचें. महायुद्धांतल्या जीपमध्यें गाडीचें वजन दांड्यावर नसून आंसाच्या नळीवर असे. तेथें टोंकाच्या चकतीचे सहा बोल्ट काढले कीं दांडा सरळ बाहेर ओढतां येतो. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्यें दांडाच वजन पेलतो, चाकाचा हब त्याच्या निमुळत्या टोंकावर चावीनें घट्ट बसलेला असतो, आणि तो काढावयास पुलर लागतो. तेथें हातोड्याचे घाव घालणें म्हणजे आंतल्या बेअरिंगवर घाव घालणें होय. ह्या दुसऱ्या प्रकारांत ब्रेकच्या पाठीमागच्या चकतीखालींहि पातळ शिमा असतात. डाव्या डावीकडे, उजव्या उजवीकडे, वेगळ्या चिंध्यांत बांधून चिठ्ठी लावून ठेवाव्या.

शाफ्ट सोडण्यापूर्वीं त्याच्या व पिनियनच्या तोंडावर एक सरळ रेघ ओढून ठेवावी. नंतर मागलें झांकण काढावें. जीपच्या ह्या झांकणाला दहा बोल्ट असतात. आंत क्राऊन व डबी दिसूं लागते. येथें पाने बाजूला ठेवून मापाचीं हत्यारें हातीं घेण्याची वेळ येते.

क्राऊनचा दांता पिनियनच्या दांत्यांत अगदीं कसून बसविलेला नसतो. दोहोंमध्यें किंचित् सूट असते. मिस्त्री तिला ‘प्ले’ म्हणतात. जीपच्या जातीच्या आंसांत ती साधारणपणें इंचाच्या चार ते दहा सहस्रांशांच्या आंत असते. नेमका आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकांत पाहावा. लिहिण्याचा साधा कागद सुमारें चार सहस्रांश इंच जाड असतो. म्हणजे सारा खेळ एका कागदापासून अडीच कागदांपर्यंतचा. सूट कमी झाली तर तेलाचा थर टिकत नाहीं, दांते तापतात. जास्त झाली तर प्रत्येक धक्क्याला दांता दांत्यावर आपटतो. ही सूट डायल गेजनें, कांहींहि सैल करण्याआधीं, क्राऊनच्या तीन-चार ठिकाणीं मोजून लिहून ठेवावी. परत बसवितांना जुळवावयाचें तें ह्याच आंकड्यांशीं. पुष्कळ ठिकाणीं हें मोजमाप होत नाहीं. भाग निघाला तसाच बसला कीं काम झालें असें समजतात, आणि दोनतीन हजार किलोमीटरनंतर गिऱ्हाइकाला नव्या क्राऊन-पिनियनचा खर्च पडतो.

डबी दोन बाजूंच्या बेअरिंगांवर टेकलेली असते आणि त्यांवर दोन अर्धगोल टोप्या बोल्टांनीं आंवळलेल्या असतात. ह्या टोप्या आंसाचें कवच यंत्रावर कोरतांना जागच्या जागीं बसवून कोरलेल्या असतात. त्यामुळें डावी टोपी उजवीकडे किंवा उलटी बसवून चालत नाहीं. काढण्यापूर्वीं पंचनें एका टोपीवर आणि तिच्या शेजारच्या कवचावर एक टिंब, दुसरीवर दोन टिंबें अशी खूण करावी. बोल्ट सैल केल्यावर टोप्या लगेच काढूं नयेत. चार आट्यांवर तशाच लोंबूं द्याव्या, म्हणजे डबी सुटली तर माणसाच्या पायावर पडणार नाहीं. डबी कवचांत ताण देऊन बसविलेली असते. ती सोडविण्यासाठीं कवच किंचित् फांकविणारें स्प्रेडर मिळतें, परंतु वीस सहस्रांशांहून अधिक फांकविलें तर कवच कायमचें विस्कटतें. तें नसेल तर लांकडाचा तुकडा आड धरून दोन पहारींनीं दोन्ही बाजूंनीं सारखा नेट द्यावा. डबी जड असते व तेलानें निसरडी झालेली असते. तेथें दुसरा माणूस हवा.

बाहेर आल्यावर बेअरिंगांच्या वाट्या व शिमा पुन्हां डाव्या-उजव्या वेगळ्या ठेवाव्या. ह्या शिमांनींच क्राऊन पिनियनजवळ किती यावें हें ठरतें. पिनियन, त्याचें बेअरिंग व त्यामागच्या शिमा चांगल्या असतील तर त्यांस हात न लावणें हेंच शहाणपणाचें. पिनियन काढलें कीं त्याची खोली नव्यानें बसवावी लागते, आणि तें ह्या साऱ्या कामांतलें सर्वांत नाजूक अंग आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यांत एकमेकांवर फिरवून जोडीनें तयार केलेलीं असतात, दोहोंवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एक फुटलें तर दोन्ही बदलावीं.

चार चाकांच्या जोराच्या गाडीला ह्यापुढें आणखी एक अट आहे, आणि जुन्या बाजारांतून भाग आणणाऱ्यांची फसगत बहुधा तेथेंच होते. अशा गाडींत पुढल्या आंसांतहि डिफरन्शियल असतें. जुन्या जीपमध्यें पुढला व मागला शाफ्ट, पुढला जोर जोडला कीं, एकमेकांशीं घट्ट बांधले जातात. मध्यें तडजोड करणारें तिसरें डिफरन्शियल नसतें. लष्करी जीपच्या क्राऊनला ३९ व पिनियनला ८ दांते. पहिल्या नागरी जीपला ४३ व ८. पुढें ३९ आणि मागें ४३ दांत्यांचें क्राऊन बसलें असें समजूं. चाकें शंभर वेळां फिरलीं कीं पुढला शाफ्ट ४८७॥ फेरे मागतो आणि मागला ५३७॥. दोघे एकत्र बांधलेले. पन्नास फेऱ्यांचा हा तंटा कोणीतरी सोसलाच पाहिजे. तो टायर सोसतात, नाहींतर ट्रान्सफर केस फुटते. दोन चाकांच्या जोरावर शहरांत फिरतांना कांहींच कळत नाहीं. घाटांतल्या चिखलांत पुढला जोर जोडतांच कळतें. म्हणून डबी विकत घेण्याआधीं दांते बोटानें मोजावे, दुकानदाराच्या शब्दावर जाऊं नये. ह्याच कारणास्तव चारहि टायर एकाच मापाचे असावे आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढला जोर जोडूं नये.

नव्या पद्धतीच्या गाड्यांत रचना निराळी आहे. २०१४ सालीं भारतांत आलेल्या चारचाकी जोराच्या रेनो डस्टरमध्यें मागलीं चाकें सुटीं झुलतात, डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला टांगलेलें असतें आणि जोर जोडणारा क्लच विजेच्या आज्ञेवर चालतो. तेथें सबंध पेटीच खालीं उतरवितात. तारेची जोडणी आधीं सोडणें आणि दांडे निघाले तेथले ऑईल सील नवे घालणें, ह्याकडे विशेष लक्ष द्यावें लागतें.

परत बसविण्याचें काम उलट क्रमानें होतें एवढें म्हणणें पुरेसें नाहीं. कवच केरोसीननें धुऊन कोरडें करावें. कोपऱ्यांत राहिलेला एक कण बेअरिंग खाऊन टाकतो. जुन्या शिमा जुन्या जागीं, जुन्या वाट्या जुन्या बाजूस. टोप्या खुणेप्रमाणें बसवून बोल्ट मोजक्या ताणानें, टॉर्क पान्यानें आंवळावे. मग पुन्हां डायल गेज लावावें. आंकडा पहिल्यासारखा आला तर निम्मी चिंता मिटली. नवीं बेअरिंगें घातलीं असतील तर तो बहुधा येणार नाहीं. अशा वेळीं एका बाजूची शिम काढून तितक्याच जाडीची दुसऱ्या बाजूस घालावी, म्हणजे क्राऊन सरकतें, पण एकंदर ताण तोच राहतो.

शेवटची परीक्षा शेंदराची. शिशाचा शेंदूर थोड्या तेलांत कालवून क्राऊनच्या पांचसहा दांत्यांना लावतात आणि हातानें ओढ देत क्राऊन दोन्ही दिशांनीं फिरवितात. पिनियन जेथें टेकतें तेथला शेंदूर पुसला जाऊन ठसा उमटतो. ठसा दांत्याच्या मध्यभागीं, बदामाच्या आकाराचा असावा. तो दांत्याच्या शेंड्याकडे गेला तर पिनियन दूर आहे, बुडाकडे गेला तर फार आंत आहे. आंतल्या अरुंद टोंकाला गेला तर क्राऊन फार जवळ, बाहेरच्या रुंद टोंकाला गेला तर फार लांब. देवळांतला शेंदूर तोच हा. शिसें विषारी असल्यामुळें काम झाल्यावर हात साबणानें धुवावे आणि तो डबा मुलांपासून दूर ठेवावा.

ठसा मनासारखा आला म्हणजे दांडे, शाफ्ट व झांकण आपापल्या खुणांवर चढवावें, झांकणाचे बोल्ट समोरासमोरचे घेत आंवळावे, ब्रीदरचें भोंक तारेनें मोकळें करावें, आणि गाडी सपाट उभी असतांना भरण्याच्या भोंकाच्या खालच्या कांठापर्यंत तेल घालावें. जुन्या जीपला तें सव्वा लिटरच्या आसपास लागतें. पहिली फेरी लांबची नसावी. वीस-पंचवीस किलोमीटर बेतानें चालवून आंसाच्या पोटाला हात लावून पाहावा; ऊब असणें स्वाभाविक, हात ठेववत नसेल तर बेअरिंगांवर ताण जास्त पडला आहे. त्यानंतर घोडबंदर रस्त्यानें गायमुखाचा चढ चढावा आणि उतरावा, खिडक्या उघड्या ठेवून, रेडिओ बंद करून. चढतांना आणि उतरतांना मागून एकच मंद आवाज आला, तर झांकणाखालीं तेल झिरपलें आहे कीं काय एवढें पाहून गाडी घरीं न्यावी, आणि पांचशें किलोमीटरनंतर तेल एकदां बदलावें.